चौथ्या मजल्यावरचं ऊन

उर्मिला साटमला घर दाखवायचं म्हटलं की एजंट लोकांच्या पोटात गोळा यायचा. मीरा रोडच्या शांती नगरमधल्या सेक्टरांतले सगळे तिला लांबूनच ओळखत. "वो आंटी आ गयी," म्हणत कुणी चहाला सटकायचा, कुणी उगाच फोन कानाला लावायचा. कारण ही बाई आधी हॉल बघत नसे, किचनची टाइल बघत नसे. ती थेट संडासात शिरायची, फ्लश ओढायची आणि टाकी पुन्हा कधी भरते ते बघत उभी राहायची. मग नळ. मग खिडकी उघडून नाक बाहेर, नाल्याचा वास येतोय का. मग खाली उतरून वॉचमनला, "भैया, टँकर कितने आते हैं? सच बोलना हां." इस्त्रीवाल्याला विचार, दूधवाल्याला विचार, संध्याकाळी एक चक्कर, रविवारी आणखी एक चक्कर. एवढ्यावर भागलं असतं तर ती उर्मिला कसली? मग भाईंदरला महापालिकेत जायचं, नगररचना खात्यात विकास आराखडा उघडून बसायचं. शेजारच्या प्लॉटवर कसलं आरक्षण आहे, रस्ता कुठून निघणार आहे, आसपास कुणी बांधकामाचा प्रस्ताव टाकलाय का, सगळं खोदून काढायचं.

आणि हे ती स्वतःसाठी नाही, जगासाठी करायची. बिल्डिंगमधल्या कुणाच्या भाच्याला घर घ्यायचंय, कुणाच्या जावेला घ्यायचंय, लावा उर्मिलाताईंना कामाला. लोक मागून हसायचे, पण बोलवायचे तिलाच.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. उर्मिलाचं नुसतं तोंड नव्हतं पोळलं, उभा संसार अंधारात गेला होता. काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघून तिच्या नवऱ्याने, पंढरीनाथांनी इथे पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा समोर मोकळी जागा होती. एजंट म्हणाला, "गार्डन येणार साहेब, लिहून देतो." पंढरीनाथ भला माणूस, त्यांनी लिहून घेतलंही नाही. दोन पावसाळ्यांत तिथे बिल्डिंग उभी राहिली, आणि उर्मिलाच्या स्वयंपाकघरात भर दुपारी ट्यूबलाइट लागायला लागली, ती आजतागायत. डाळीतला खडा दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, पोरीचा अभ्यास कायम दिव्याखाली.

"माणसं आहेत का राक्षस?" उर्मिला भांडी आदळत म्हणायची. "दुसऱ्याच्या घरात उजेड जातो की नाही, एवढं बघायला डोळे नव्हते मेल्यांना?"

"अगं, त्यांनी काय तुझ्यावर डूख धरून बांधलंय का?" पंढरीनाथ म्हणायचे.

पण ती ऐकेल तर शपथ! समोरच्या बिल्डिंगमधलं हळदीकुंकवाचं बोलावणं तिने एकदाही घेतलं नाही. पंढरीनाथ जाऊनही आता चार वर्षं झाली होती. राग मात्र तस्साच होता.

आता मात्र प्रश्न लेकीचा होता. अनुष्का आणि जावई निहार विरारला भाड्याच्या घरात राहत होते. निहारला कंपनीने पुण्याला बदली देऊ केली होती आणि दसऱ्यापर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. अनुष्का स्पष्ट म्हणाली होती, "आई, तुझ्याजवळ मनासारखं घर मिळालं तर आम्ही इथेच. नाही तर पुणे. सारखं भाड्यानं कंटाळलोय आता."

तेव्हापासून उर्मिलाच्या पायाला भिंगरी लागली. घरात बसली की उठायची, उठली की पिशवी घ्यायची. काशीमीऱ्याजवळचं घर तिने नाकारलं, कारण हायवेवर ट्रक सुरू झाले की खिडकीच्या काचा थरथरायच्या. उत्तनच्या रस्त्यावरच्या घरात वारा असा की जीव सुखावला, पण अडीअडचणीला हॉस्पिटल गाठायचं तर रिक्षावाला मिळेल तेव्हा. तिसऱ्या घराच्या तर कंपाउंडमधूनच आराखड्यातला रस्ता जात होता. एजंटला माहीत होतं, चोर कुठला!

"आई, तू घर बघतेस का गुन्हेगार?" अनुष्का वैतागली. "अशानं आम्ही पुण्यालाच जाणार बघ."

ते ऐकून उर्मिलाच्या काळजात चर्र झालं. आणि त्याच आठवड्यात विमलाबाईंचं घर आलं.

विमलाबाई म्हणजे उर्मिलाच्या बिल्डिंगच्या बरोब्बर मागच्या बिल्डिंगमधल्या. एकट्याच राहायच्या. पूर्वी डेअरीवर रोज भेट, "काय, कसं काय" एवढी ओळख. त्यांचे गुडघे गेले होते, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि घर चौथ्या मजल्यावर. ते विकून रोह्याला बहिणीच्या बैठ्या घरात जायचं त्यांनी ठरवलं होतं. "महिना-महिना मी खाली उतरत नाही हो," त्या म्हणाल्या. दूधसुद्धा आता पोऱ्याकडून मागवत होत्या.

उर्मिला सकाळी ते घर बघायला गेली आणि दारातच थबकली. हॉलभर ऊन! पार सोफ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत. पूर्वेकडची गॅलरी, गॅलरीत तुळस, जास्वंद, आणि दोरीवर कडकडीत वाळलेले कपडे. तिने फ्लश ओढला, नळ सोडले, नाक बाहेर काढलं, सगळं ठीक. गॅलरीच्या कठड्याला टेकून तिने खाली पाहिलं तर आपलीच गच्ची. तिथे तिनेच सकाळी टाकलेली गोधडी दिसत होती.

"अगं अनुष्का, इथून हाक मारलीस तर मला घरात ऐकू येईल!" ती फोनवर जवळजवळ ओरडलीच.

निहारला घर आवडलं, अनुष्काला तर फारच. पण मधे पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात कोण टोकन देणार? त्या पंधरवड्यात एजंटसुद्धा माशा मारत बसतात. घटस्थापनेला सकाळी टोकन द्यायचं ठरलं. निहार त्यानंतर पुण्याला नाही म्हणून कळवणार होता.

तो मधला काळ उर्मिलाला सोसेना. सगळं इतकं चांगलं कसं? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. विमलाबाईंच्या बिल्डिंगच्या उत्तरेला पत्रे ठोकलेला एक रिकामा प्लॉट होता, तो तिच्या डोळ्यांत सलायला लागला. तिथे काही उठलं तर? शेवटी तिने पिशवी उचलली आणि भाईंदर गाठलं.

नगररचनेतला क्लार्क तिला ओळखत होता. "या मॅडम. आज कुणाचं घर?"

"माझ्या लेकीचं. नीट बघा हं."

त्याने बघितलं. पत्र्याच्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण होतं, हलणारं नव्हतं. रस्ताबिस्ता काही जात नव्हता. बाजार, दवाखाना, बस, सगळं हाकेवर. उर्मिलाने सुस्कारा सोडला.

"त्या भागात नवीन प्रस्ताव एकच आहे," तो म्हणाला. "त्या बिल्डिंगला लागूनच, पूर्वेकडून."

उर्मिला ताठ झाली. "कुणाचा? सांगा, कोण मेला तिथे..."

"अहो, तुमचाच की! तुमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट." क्लार्क हसला. "बावीस मजले. अभिनंदन मॅडम, टॉवरमध्ये राहणार आता."

उर्मिलाच्या तोंडचं पाणी पळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? सहा महिन्यांपूर्वी सोसायटीच्या सभेत डेव्हलपरच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली होती. सर्वांत जास्त प्रश्न तिनेच विचारले होते. लिफ्ट किती, पाणी किती, कुठला मजला, ऊन कुठल्या बाजूने. अकराव्या मजल्यावर पूर्वेकडची खिडकी मिळणार म्हटल्यावर ती लहान पोरीसारखी हरखली होती. संमतीपत्रावर तिने सगळ्यांच्या आधी सही केली होती. ती सभाभर पुढेच बघत बसली होती, पुढचं ऊन, पुढचा वारा. आपल्या पाठीमागे कुणाची खिडकी आहे हे तिने विचारलं नव्हतं.

घरी येताना तिने बस सोडून दिली आणि चालत सुटली. कुठे चाललोय तेही कळेना. मध्येच ती एका दुकानाच्या पायरीवर बसली, लगेच उठली. घरी येऊन तिने सोसायटीच्या सेक्रेटरीला, धर्माजी पाटलांना गाठलं. "माझी सही मागे घेता येईल का हो?"

"काय झालं काय ताई? बरं नाही का?" धर्माजी तिच्याकडे बघतच राहिले. "अहो, सगळ्यांच्या सह्या आहेत. प्रस्ताव गेलाय. आता एकट्या तुम्ही फिरलात तर काय होणार? आणि फिरायचं का? सर्वांत जास्त घाई तुम्हालाच होती."

मग सुरू झाली उर्मिलाची खरी तगमग. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर अनुष्का पुण्याला जाणार. मग सणावारी फोन, वर्षातून दोनदा भेट, आणि आपण अकराव्या मजल्यावर एकट्या ऊन खात बसायचं. नाही सांगितलं तर लेक जवळ. पण कुठल्या घरात? जसं आपलं गेलं, तसं तिचं आयुष्य दिव्याखाली जाणार, आणि समोरून भिंत घालणारी कोण, तर तिची आई.

ती स्वतःशीच वाद घालायची. टॉवर काय लगेच उभा राहतो? मीरा रोडला किती तरी कामं अर्धवट पडलीत. तीन वर्षं, पाच वर्षं, कोण सांगतो? तोवर तर उजेड आहे! मग तिलाच स्वतःची लाज वाटायची. हेच तर एजंट बोलतात. भाजी चिरताना हात थांबायचे. गच्चीवर जाऊन ती विमलाबाईंच्या गॅलरीकडे बघत उभी राहायची आणि मनातल्या मनात एकेक खोली काळोखी होताना बघायची. हॉलमध्ये अनुष्का दिवा लावतेय. किचनमध्ये अनुष्का डाळ निवडतेय, डोळे बारीक करून. बेडरूममध्ये अनुष्काचं पुढे कधी होणारं पोर, पाटी घेऊन ट्यूबलाइटखाली. असं रोज. सर्वपित्रीला पंढरीनाथांचं पान वाढलं तेव्हा तर तिला हुंदकाच आवरेना. "तुम्ही तरी मला अडवायचं होतंत," ती म्हणाली. कावळा मात्र लगेच शिवला.

घटस्थापनेच्या सकाळी चौघं विमलाबाईंच्या हॉलमध्ये बसली. विमलाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, पेढे आणून ठेवले होते. कोपऱ्यात घट बसवला होता. ऊन आलं होतं, सोफ्यावर, अनुष्काच्या मांडीवर, तिच्या हातातल्या बांगड्यांवर. निहारने चेकबुक काढलं.

"निहार, थांबा," उर्मिला म्हणाली.

"आई, आता काय?" अनुष्का हसली. "आता फ्लश राहिला का बघायचा?"

"हे ऊन जाणार आहे," उर्मिला म्हणाली. "आमची बिल्डिंग पाडून बावीस मजली टॉवर येतोय. अगदी समोर. प्रस्ताव गेलाय, मी स्वतः जाऊन बघून आले. या घरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल. हे घर घेऊ नका."

निहारने पेनाचं टोपण हळूच बंद केलं.

"तुझी सही आहे त्यावर?" अनुष्काने विचारलं.

"आहे."

"आणि आयुष्यभर तू समोरच्यांना शिव्या दिल्यास, आई."

"दिल्या गं," उर्मिला रडायला लागली. "मला दिसलंच नाही. माझ्या घरात ऊन येणार होतं, मला दुसरं काही दिसलंच नाही."

अनुष्का उठली, आईजवळ येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं. पुणे आता ठरल्यासारखंच होतं, आणि ते दोघींनाही कळलं होतं. उर्मिलाला वाटलं, चला, जड होतं ते झालं. लेक दूर जाईल, पण उजेडात राहील. छातीवरचा धोंडा उतरला.

"कधी कळलं तुम्हाला?" विमलाबाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज इतका बारीक होता की उर्मिलाला आधी कळलंच नाही कोण बोललं. विमलाबाई खुर्चीत तशाच बसून होत्या, पेढ्यांची बशी हातात धरून.

"झाला आठवडा."

"आठवडा." विमलाबाईंनी बशी टीपॉयवर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून त्या उठायला गेल्या, पण उठवेना, पुन्हा बसल्या. "रोह्याला मी बहिणीकडे सामानसुद्धा पाठवलं हो अर्धं. आता हे घर कोण घेणार? आणि नाही कुणी घेतलं, तर मी चौथ्या मजल्यावर, अशी, अंधारात..." त्यांनी उर्मिलाकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच. "उर्मिलाताई, मला नाही सांगावंसं वाटलं तुम्हाला? निदान एकदा?"

आठवडाभर उर्मिला या घरातली एकेक खोली काळोखी होताना बघत होती, आणि प्रत्येक खोलीत अनुष्का होती. विमलाबाई एकाही खोलीत नव्हत्या.