दोन्ही पाय एका बाजूला

‘हा लाल बघा, हा निळा आणि हा काळ्यावर चंदेरी पट्टा. तुमच्या डोळ्यांना कोणता भरतो?’

रंगांचं कार्ड मी विनायकरावांच्या नाकापुढं धरलं होतं. त्यांनी काळा चष्मा घातलेला. आमच्याकडं मोतीबिंदूची शिबिरं होतच असतात, मला वाटलं नुकतंच ऑपरेशन झालं असेल. ते शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, माझ्या डोळ्यांना सगळेच सारखे भरतात. जन्मापासून दिसत न्हाई मला. तुम्हाला कोणता आवडतो?’

‘लाल,’ मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

‘मंग लाल लिहा. पण गाडी कोणती ते अजून ठरायचंय.’

मी परतूरच्या एका टू-व्हीलर शोरूममध्ये सेल्समन आहे. कार्डावर ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह’ छापलंय, पण शेठ मला ‘ए संतोष’ म्हणतात, त्यामुळं कार्डाचा फारसा उपयोग होत नाही. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चालण्यावरून त्याला कोणती गाडी लागणार हे ओळखतो, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे. आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाला दिसत नाही, हे मला रंगांचं कार्ड दाखवून झाल्यावर कळलं.

त्यानंतर मी इतका बावचळलो की मोठमोठ्यानं बोलायला लागलो. ‘साहेब! चहा! घेणार! का!’

त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेस, रेखाताई, म्हणाल्या, ‘भाऊ, ऐकू बराबर येतं त्यांना. मी हळू बोललेलं पण ऐकू येतं, तोच तर त्रास हाय.’

विनायकराव परतूरला एका बँकेत क्लार्क. घर मंठ्याला. बँकेतले एक सहकारी त्यांना रोज आपल्या गाडीवर घेऊन यायचे, घेऊन जायचे. त्यांची आता जालन्याला बदली झाली होती. महिनाअखेर ते जाणार. एसटीची वेळ बँकेच्या वेळेशी जमत नव्हती आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे आपल्या भागात सांगायला नको. रेखाताईंचं मंठ्यात शिवणकामाचं दुकान. मुलगी तिथल्याच शाळेत. म्हणजे घर हलवायची सोय नव्हती.

‘गाडी जमली न्हाई तर मी इथं परतूरला खोली करणार,’ विनायकराव म्हणाले. ‘शनिवारी घरी जायचं, सोमवारी परत यायचं. खोली पाहून पण आलोय.’

‘खोलीत एकटे काय करताल तुम्ही?’ रेखाताई म्हणाल्या. ‘चहा तर करता येत न्हाई.’

‘येतो. तुला आवडत न्हाई एवढंच.’

मी विचारलं, ‘मग गाडी चालवणार कोण?’

‘मी,’ रेखाताई म्हणाल्या.

मी खुर्चीत जरा सरळ झालो. आमच्याकडं बायका गाडी घ्यायला येतात, पण त्या स्कूटीकडं जातात. मी उठून स्कूटीकडं निघालोसुद्धा. ताईंनी मला बसल्या जागेवरूनच थांबवलं. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. स्कूटीची चाकं लहान, खड्ड्यात बसतात. शिवाय ॲव्हरेज कमी. त्यांचा हिशेब असा होता: सकाळी नवऱ्याला सोडायचं, परत मंठ्याला येऊन दुकान उघडायचं, संध्याकाळी पुन्हा आणायला जायचं. म्हणजे गाडी रोज चार वेळा हा रस्ता कापणार. पेट्रोल जास्त पिणारी गाडी त्यांना परवडणारच नव्हती. मोटारसायकल त्या माहेरी, अंबड तालुक्यात, वडिलांच्या जुन्या गाडीवर शेतात शिकलेल्या. लायसन पक्कं.

‘डबलसीट चालवली का कधी?’

‘माणूस न्हाई. खताचं पोतं नेलंय मागं.’

विनायकराव म्हणाले, ‘म्हणजे माझी सोय झालीच.’

त्यांनी बजेट सांगितलं आणि वर बजावलं की हा आकडा ऑन-रोड आहे. ऑन-रोड म्हणजे गाडी, टॅक्स, इन्शुरन्स, पासिंग सगळं धरून खिशातून जाणारी शेवटची रक्कम. आम्ही सेल्सवाले पहिल्यांदा नुसत्या गाडीची, म्हणजे एक्स-शोरूम किंमत सांगतो, कारण ती ऐकायला गोड लागते. बँकेतल्या माणसापुढं हा गोडवा चालला नाही.

त्या बजेटमध्ये शंभर सीसीची साधी गाडी आरामात बसत होती. सीसी म्हणजे इंजिनाचं पोट. पोट लहान तर पेट्रोल कमी. पण त्या महिन्यात एकशेपंचवीस सीसीच्या गाडीवर आम्हाला जादा इन्सेन्टिव्ह होता. त्यामुळं मला त्यांच्या कमरेची फार काळजी वाटायला लागली.

‘साहेब, मागं बसणाऱ्याला एकशेपंचवीसच पाहिजे. सीट रुंद, शॉकअप भारी, खड्ड्यात दणका लागत नाही. जरा ताणलं तर बजेटमध्ये बसवून देतो.’

विनायकरावांनी दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं. एकशेपंचवीसची खरंच चांगली होती, त्यात मी खोटं बोललो नव्हतो. मग त्याच गाडीवर ताई पुढं बसल्या. त्यांच्या पायांचे फक्त चवडे जमिनीला लागत होते. त्या म्हणाल्या, ‘उंच वाटून राह्यली.’

मी म्हणालो, ‘सवय होते ताई.’

हे वाक्य मी आजवर इतक्या गिऱ्हाइकांना सांगितलंय की त्यावर माझं नाव कोरायला हरकत नाही.

टेस्ट राइड म्हणजे गिऱ्हाइकानं एकट्यानं पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत येणं. शेठचा नियमच तसा. ताई एकट्या गेल्या, नीट परत आल्या. पण विनायकराव म्हणाले, ‘एकटीचं ठीक आहे. मागं वजन असल्यावर कशी चालते ते पाहायला पाहिजे. भाऊ, तुम्ही बसता का हिच्या मागं एक चक्कर?’

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, ‘बस ना रे. नुसता चहा पिऊन राह्यलास सकाळपासून.’

माझं वजन सांगत नाही. डेमोच्या गाडीचा शॉकअप मी बसल्यावर जो आवाज करतो, तो पुरेसा आहे. पण खरी अडचण वजनाची नव्हती. परतूरच्या भर बाजारातून, परक्या बाईच्या मागं, मी पायांत गाडी घेऊन चिकटून बसणार? परतूर माझी सासुरवाडी. अर्धा बाजार मला दाजी म्हणतो. बरं दिसेल का ते?

म्हणून मी सभ्य माणसासारखा विचार केला आणि दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलो. साडी नेसलेल्या बायका बसतात तसा. हेल्मेट घातलं, मागची कडी घट्ट धरली, ताईंच्या खांद्याला हात लागू नये म्हणून शक्य तितका मागं सरकलो आणि म्हणालो, ‘चला ताई.’

आता जरा समजावून सांगतो. दोन्हीकडं पाय टाकून माणूस बसला की त्याचं वजन गाडीच्या मधोमध येतं. एका बाजूला बसला की गाडी त्या बाजूला ओढते. बायकांना वर्षानुवर्षांची सवय असते, त्या अंग सावरून बसतात, चालवणाऱ्यालाही ते माहीत असतं. माझ्यासारखा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तसा बसला की तो माणूस राहत नाही, गाडीला एकीकडं टांगलेला गॅसचा सिलिंडर होतो. खताचं पोतं माझ्यापेक्षा किती तरी चांगलं बसतं.

सरळ रस्त्यावर ताईंनी गाडी सांभाळली. चौकात वळून परत यायचं होतं. वेग अगदी कमी. गाडी माझ्या बाजूला, म्हणजे डावीकडं झुकायला लागली. मी घाबरून आणखी मागं कललो. ताईंनी तोल सावरायला डावा पाय खाली टाकला. नुसता चवडा लागला, टाच जमिनीला पोचलीच नाही.

आम्ही पडलो असं म्हणता येणार नाही. आम्ही सावकाश आडवे झालो. मी आधी उभा राहिलो, मग बसलो, मग निजलो. ताई बाजूला झाल्या, त्यांना काही लागलं नाही. गाडीचा इंडिकेटर तुटला. माझी पँट मागून उसवली, तीही अशी की काय सांगावं.

केळ्यांचा हातगाडीवाला धावत आला. मला ओळखून म्हणाला, ‘दाजी, एका अंगानं बसले व्हय? मंग साडी कुठं ठिवली?’

सगळा चौक हसला. ताई नाही हसल्या. त्यांनी गाडी उचलली आणि ढकलत निघाल्या. मी मागून चालत होतो, खिशातलं शोरूमचं माहितीपत्रक पाठीमागं पदरासारखं धरून.

शोरूममध्ये आल्यावर ताई सीटवर नाही, स्टुलावर बसल्या. ‘मला न्हाई जमायचं,’ त्या म्हणाल्या. ‘आज मागं हे भाऊ होते. उद्या तुम्ही असताल. तुम्ही घ्या ती खोली.’

विनायकरावांचा हात ताईंचा खांदा शोधत होता.

शेठनं तुटका इंडिकेटर पाहिला, ताईंकडं पाहिलं. आमच्याकडं पाटी आहे: टेस्ट राइडमध्ये नुकसान झाल्यास जबाबदारी ग्राहकाची. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. नवीन चालवणारी बाई, पडली, सगळ्यांना पटलं असतं. पण ती बाई घरी जाऊन नवऱ्याची बॅग भरणार होती, हे मला त्या स्टुलाकडं बघून कळत होतं.

‘शेठ, ताईंची चूक नाही,’ मी म्हणालो. ‘मी एका अंगानं बसलो होतो.’

शेठनं कानामागं हात धरला. ‘कसा?’

‘बायकांसारखा.’

‘का?’ हे विनायकरावांनी विचारलं.

‘बरं दिसत न्हाई ना साहेब. लोक पाहतात.’

‘मंग काय पाहिलं लोकांनी?’

‘मला पडताना.’

विनायकराव हसायला लागले. आधी हळू, मग इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेठ हसले, वर्कशॉपमधले मिस्त्री बाहेर आले. ताईंनी माझ्या हातातल्या माहितीपत्रकाकडं पाहिलं आणि त्यांचाही बांध फुटला. हसता हसता विनायकरावांनी विचारलं, ‘रेखा, पण तू पाय का न्हाई टेकला?’

‘टेकला. टाच पोचली न्हाई.’

‘सवय होते’ हे माझं वाक्य तिथंच कुठंतरी लोंबकळत होतं. मी मुकाट्यानं जाऊन शंभर सीसीची साधी गाडी काढली. इन्सेन्टिव्ह गेला, जाऊ द्या. ताई बसल्या. विनायकराव खाली वाकले आणि ताईंच्या चपलेखाली बोटं सारून पाहायला लागले. एका पायाखाली, मग दुसऱ्या.

‘टाच टेकली,’ ते म्हणाले. ‘आता मी बसतो मागं.’

‘आत्ता?’ ताई घाबरल्या.

‘मी चांगलं ओझं आहे. वळण आलेलं मला दिसतच न्हाई, त्यामुळं मी घाबरून उलटा झुकणार न्हाई. तू जिकडं, तिकडं मी.’

दोन्हीकडं पाय टाकून ते बसले. एक हात ताईंच्या खांद्यावर. मी दुसऱ्या गाडीवर पाठोपाठ निघालो, कारण बसल्यावर उसवलेलं दिसत नव्हतं. चौकात ताईंनी गाडी अगदी हळू केली, पाय टेकवला, वळवली. केळीवाला माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी ओरडला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढची गाडी मात्र सरळ रेषेत चालली होती.

परत आल्यावर विनायकराव म्हणाले, ‘सीट कडक आहे. बाई चांगली चालवते.’

सीटचा इलाज सोपा होता. गावात सीट बनवणारा आहे, तो चांगला जाड फोम घालून देतो. शॉकअपला खाली खाचा असतात. दोघं बसणार तर एक-दोन खाचा घट्ट करायच्या, म्हणजे गाडी मागून बसत नाही. टायरची हवाही जरा वाढवायची. हे सगळं मी ताईंना करून दाखवलं. हवा योग्य असली की ॲव्हरेजही चांगलं मिळतं, हे सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

कागदपत्रं करायला बसलो तेव्हा ताई म्हणाल्या, ‘भाऊ, पँट द्या.’

‘अं?’

‘शिवून देते. सुई-दोरा पर्समध्येच असतो माझ्या.’

मी नाही नाही म्हणत होतो, पण शेठनं हुकूम सोडला. त्यामुळं त्यांच्या पहिल्या मोटारसायकलचं बुकिंग मी कमरेला गाडीचं कव्हर गुंडाळून केलं. विनायकरावांना ते सगळं शेठ रंगवून सांगत होते. मी आजवर किती गाड्या विकल्या, पण माझ्यामुळं पडलेल्या माणसानं माझीच पँट शिवून द्यावी, हे भाग्य मला त्याच दिवशी मिळालं. इंडिकेटरचे पैसे शेठनं कोणाकडूनच घेतले नाहीत. म्हणाले, एवढं तर सिनेमाचं तिकीट पण लागतं.

नंबर प्लेट लागली, गाडी गेली. महिना संपला. सहकारी जालन्याला गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी सकाळपासून शोरूमच्या दारात उभा होतो. हातात फडकं होतं, पण पुसत काहीच नव्हतो. मंठ्याकडून लाल गाडी आली. ताईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नजर रस्त्यावर, अगदी पाहिजे तशी. विनायकरावांना ताईंनीच सांगितलं असावं की शोरूम आलं. त्यांनी मोठा हात केला, आमच्या शेजारच्या बॅटरीच्या दुकानाकडं. बॅटरीवाल्यानं गोंधळून हात केला. मग मीही केला.

पावणेदहाला बँकेतून फोन आला. ‘पोचलो भाऊ. वेळेच्या आधी. आमच्या मॅनेजर साहेबांनी घड्याळ पाहिलं दोनदा.’

‘खोलीचं काय?’

‘त्या मालकाला दुसरा भाडेकरू शोधायला सांगितलं.’

ताई अजूनही सर्व्हिसिंगला येतात आणि हवा स्वतः तपासून घेतात. शेठनं त्या दिवसापासून टेस्ट राइडचा नियम बदलला. गाडी जे दोघं वापरणार, त्या दोघांनी एकत्र बसून पाहायचं. सेल्समननं शक्यतो शोरूममध्येच थांबायचं.