सर्जेरावांचा गोल

सर्जेराव गेल्याचं मला कंपनीच्या बसच्या ग्रुपवर कळलं. चाकण जवळ आलं होतं, निम्मी बस पेंगत होती आणि फोन वाजला. आपल्या पेंट शॉपचे जुने सुपरवायझर सर्जेराव यांचं काल दुपारी मोशीच्या राहत्या घरी हृदयविकारानं निधन झालं, असा मेसेज होता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेत नव्यानं लागलेल्या कुणीतरी विचारलं, "कोण? ते गोलवाले काका का?" दुसऱ्यानं लिहिलं, "हो, तेच," आणि पुन्हा हात जोडणं सुरू झालं. मी फोन पर्समध्ये टाकला. बसमध्ये मान वर करून कुणाकडं बघवेना. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं त्या रंगाच्या वासात काढली, दोन मुली शिकवून मार्गी लावल्या, त्याचं आम्ही एवढंच शिल्लक ठेवलं होतं… आणि ते ज्या दिवशी 'गोलवाले' झाले, तो दिवस आमच्या घरातला होता. म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी परचेस खात्यात, बसमध्ये चढायचे दिघीला. सर्जेराव मोशीला चढायचे आणि जागा असली तर माझ्या पुढच्या सीटवर बसून, मागं वळून, थेट चाकणपर्यंत बोलायचे. मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्या सांगण्यानुसार कोल्हापुरात दोन पेठांची मॅच असली की नवरदेवसुद्धा वरातीतून पळ काढतो. आख्खी बस क्रिकेटची, हे एकटे फुटबॉलचे. भारताची मॅच असली की त्यांचा आठवडा वेगळाच जायचा. हरल्यावरसुद्धा ते इतकं रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याला आपण जिंकलो असंच वाटावं. एकदा मी विचारलं, "सर्जेराव, एवढं हरतात, तरी का बघता?" तर म्हणाले, "कुणीतरी वरडायला नको का त्यांच्यासाठी, मॅडम? क्रिकेटला हायत की लोकं."

आमचे आप्पा गेले तेव्हा दहाव्याच्या आत कंपनीतले लोक भेटायला येणार असं ठरलं. जनरल शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांनी मिळून दिघीला यायचं. नेमकी त्याच संध्याकाळी भारताची पात्रता फेरीतली शेवटची मॅच होती. जिंकलो तर आत, बरोबरी झाली तरी घरी. ही मॅच बघायला सर्जेरावांनी कोल्हापूरकडच्या चार जणांना घरी बोलावलं होतं, त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, रस्सा करायला घेतला होता. हे सगळं मला फार नंतर कळलं. वहिनी म्हणाल्या होत्या, नंतर जा भेटायला, त्यांना काय कळतंय. त्यावर ते म्हणाले होते, "मॅडमचे वडील गेल्यात आणि मी हितं रस्सा वरपत बसू?" तर असे ते आले. मात्र मॅचची कॉमेंट्री ऐकायला कानात घालायचं ते बिनवायरचं पांढरं बोंडूक एका कानात ठेवून आले.

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, आप्पांच्या फोटोसमोर समई होती. सर्जेराव भिंतीला लागून, माझ्या काकांशेजारी बसले. काका आप्पांचे धाकटे भाऊ, कानानं कमी. येणाऱ्या प्रत्येकाला ते आप्पांचा शेवटचा दिवस पहिल्यापासून सांगायचे आणि आम्हीही दर वेळी तो पहिल्यापासून ऐकायचो. "सकाळी चहा घेतला. मला म्हणाला, आज बरं वाटतंय रे. मी म्हटलं, दुपारी येतो. आणि दुपारी बघतो तर…" इथं काका नेहमी थांबायचे. खोलीतही कुणी हलायचं नाही. त्या शांततेत एकदम आवाज आला, "गोऽऽऽल!"

सर्जेराव उभे होते. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. आणि ते भानावर यायच्या आत त्यांनी शेजारच्या माणसाला उचलून कवटाळलंही होतं. तो माणूस म्हणजे आमचे काका. काकांना शब्द ऐकूच आला नव्हता. त्यांना वाटलं, हा परका माणूस आपल्या दुःखानं फुटला. त्यांनी सर्जेरावांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "गेला हो माझा भाऊ… गेला!" सर्जेरावांनी डोळे उघडले. तो चेहरा मला अजून आठवतो. त्यांना काकांना सोडता येईना आणि धरताही येईना. कंपनीतले सगळे सतरंजीकडं बघत होते. कुणाचा तरी खांदा हलत होता, हसू दाबल्यामुळं. माझा मोठा भाऊ उठला. "कानात काय आहे तुमच्या?" त्यानं विचारलं. सर्जेरावांनी ते बोंडूक काढून मुठीत लपवलं. दादा म्हणाला, "निघा तुम्ही." त्यांनी काकांना हळूच खाली बसवलं, आप्पांच्या फोटोला हात जोडले आणि बूट हातात घेऊन ते गेले. त्या क्षणी सगळ्या दिघीत भारतानं गोल मारल्याचं माहीत असलेला बहुधा तो एकच माणूस होता, आणि तो मोज्यांवर, मान खाली घालून, आमचा जिना उतरत होता.

आई आत होती. "कोण गं ओरडलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "जिंकलो का मग?" आप्पा गेल्यापासून तिनं आप्पांखेरीज विचारलेली ती पहिली गोष्ट. मला हसू आलं, तिलाही आलं, तोंडाला पदर लावून ती हसली, आणि हसता हसता आम्ही दोघी रडलो. माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता, नंतरही आला नाही.

पण चाकणला मी परत जाईपर्यंत गोष्ट कॅन्टीनला पोचली होती. सर्जेराव ताट घेऊन आले की कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं, "गोऽऽल!" आणि टेबलं वाजायची. कुणी त्यांच्या फोटोचं स्टिकर केलं, ते ग्रुपवर फिरत राहिलं. आमच्या घरात घडलेलं हे बाहेर जाऊन सांगणारे आमच्याकडं समाचाराला आलेलेच लोक होते. मी त्यांना म्हटलंही, पुरे करा. ते म्हणाले, "अहो मॅडम, सर्जेराव काकाच आहेत आपले, गंमत करतो." सर्जेरावांनी दुसरी शिफ्ट मागून घेतली. सकाळच्या बसमध्ये त्यांची जागा रिकामी राहू लागली. एकदा गेटवर भेटले तेव्हा मी आईचं ते वाक्य त्यांना सांगितलं. ते ओशाळं हसले. "तुमी माझं मन राखायला सांगताय, मॅडम."

मग मी आईलाच घेऊन मोशीला गेले. दार वहिनींनी उघडलं. सर्जेराव आत मॅच बघत होते, आवाज बंद करून. आम्हाला बघताच त्यांनी टीव्हीच बंद केला आणि आईच्या पाया पडले. आई म्हणाली, "अहो, लावा की. कुणाची आहे?" त्यांनी लावला नाही. आईनं परोपरीनं सांगितलं, मनाला लावून घेऊ नका, आमचे हे असते तर पोट धरून हसले असते. सर्जेराव म्हणाले, "हसले असते, आई. पण त्ये न्हवते ना तितं. तितं तुमी हुता." त्यांचं म्हणणं खरंच होतं.

वर्षश्राद्धाला दादानं स्वतः फोन करून त्यांना बोलावलं. ते आले, पंगतीत वाढायला उभे राहिले, काकांना आग्रह करकरून जिलेबी वाढली. काका सगळ्यांना सांगत होते, "माझ्या दुःखात हा माणूस धाय मोकलून रडला होता." सर्जेराव जिलेबीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडं सरकले. जाताना दादा त्यांना म्हणाला, "सर्जेराव, झालं गेलं विसरा. मीही त्या दिवशी फार तोडून बोललो." त्यांनी दादाचे दोन्ही हात धरले, मान हलवली. आम्हाला वाटलं, मिटलं. आम्ही सगळ्यांनी माफ केलं होतं, आणि आमच्या माफीनं त्यांचं काहीच हलकं होत नव्हतं हे आम्हाला दिसलं नाही. ते निवृत्त झाले, त्या दिवशीच्या निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी ते स्टिकर मोठं छापून आणलं होतं. सर्जेराव त्याच्याशेजारी उभे राहिले आणि फोटो काढू दिला…

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटून आले. या वेळी समाचाराला मी गेले होते. वहिनीच बोलल्या. म्हणाल्या, "पयला मॅच असली की खालच्या मजल्यावरची बाई वर यायची भांडायला, इतकं वरडायचे. तुमच्याकडनं आल्यापास्नं एक आवाज न्हाई बघा घरात. मला आदी बरं वाटलं, डोकं तरी दुखत न्हाई म्हणून." मग म्हणाल्या, "गेले त्याच्या आदल्या रविवारी मी भाकरी करत हुते. कसली तरी मॅच लागली हुती. सहज डोकावले तर हे मदोमद उभे. दोनी हात वर, तोंड हे एवढं उघडं… आणि आवाज न्हाई. मला वाटलं, म्हणावं, वरडा की ओ, घर आपलंच हाय. पण मी दिसले तर खाली बसतील. म्हणून दाराआडच थांबले, हात खाली येईस्तोवर. तव्यावरची भाकरी करपली माझी."

निघताना त्यांनी मला ती खोली दाखवली. दिवाण, टीव्ही, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. दिवाण आणि टीव्हीच्या मधली जागा अशी कितीशी असणार, एक माणूस उभा राहील एवढीच. सर्जेरावांच्या फोटोला नमस्कार करायला तिथूनच पुढं जायचं होतं. मला त्या जागेवर पाय ठेववेना. मी भिंतीला धरून कडेनं गेले, आणि मागं बघितलं तर वहिनीही तशाच कडेनं येत होत्या.