पत्राची पावती

बडनेऱ्याला गाडीत चढताना ठरवलं होतं, या वेळी ताईला सांगायचंच. दुर्ग मागे पडेपर्यंत निम्मा धीर गळाला. त्यात रायपूरच्या ऑटोवाल्याने भलत्याच पाऱ्यात (मोहल्ल्यात) उतरवलं. बॅग घेऊन वीस मिनिटं चाललो. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, तेवढाच उशीर.

ताई फरे (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) वळत होती. शेजारी पीठ लागलेली वही. तिच्या मुलीने स्पेनमध्ये तिथल्याच मुलाशी लग्न केलं आहे. विहीणबाईंना दुसरी भाषा येत नाही, म्हणून साठीला टेकलेली ताई मोबाइलवर स्पॅनिश शिकते.

"वही धर अन् विचार मले. पुढचा काळ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सोपं हाय. आब्लार म्हणजे बोलणं. आख्खा शब्द तसाच ठेवाचा, मांगं शेपूट लावाचं. आब्लारे, मी बोलीन. आब्लारास, तू बोलशील. आब्लारा, तो बोलेल."

"आणि आपण?"

"आब्लारेमोस, आपण बोलू. खाणं, राहणं, सगळ्याइले तेच शेपूट. कोमेरेमोस, बिबिरेमोस."

"येणं?"

"ते वाकडं हाय. म्हणून विहीणबाईच्या पत्रात 'तुम्ही याल' लिहिलंच नाही. आपण खाऊ, आपण बोलू, एवढंच. समजून घेतील त्या."

"तू शिक्षिका व्हायला हवी होतीस," माझ्या तोंडून निघून गेलं. मग थांबता येईना.

"ताई, तुझा डी.एड.चा फॉर्म मी पोस्टात टाकलाच नव्हता. तू हॉस्टेलवर गेली असतीस तर बाबांच्या दुकानात मला बसावं लागलं असतं. मुदत जाईपर्यंत ट्रंकेत ठेवला आणि घरी सांगितलं, तुझा नंबर लागला नाही."

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती इकडे आली होती.

तिने फऱ्यांवर झाकण ठेवलं. वाफ आल्यावर ते ताटात काढले.

"मले वाटे, माहेच मार्क कमी पडले," ती म्हणाली. मग ताट पुढे सरकवलं. "खाऊन घे. थंडे होतात."

दुसऱ्या दिवशी निघताना ती दारात विहीणबाईंना पाठवायच्या पत्राचं पाकीट घेऊन उभी होती. अशी कामं ती स्वतःच करते. पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते माझ्या हातात दिलं.

"पावतीचा फोटो पाठवजो."

पोस्टात लांब रांग, गाडीला पाऊण तास. उभा राहिलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "स्पेन? टाइम लगेगा, भैया."

"लगने दो."

फोटो पाठवून धावत गाडी गाठली. दुर्गला तिचं उत्तर आलं, 'हव' (हो). बस, एवढंच.

घरी पोचून हे लिहितो आहे. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते विचारणारही नाही. पण राजनांदगाव गेल्यावर फोन पुन्हा वाजला होता. तिने एकच शब्द पाठवला होता, देवनागरीत, माझ्यासाठी.

आब्लारेमोस.