साबणाने धुतलेले सहा तागे

दि. १६ मार्च २०२४, शनिवार. त्या दिवशी दुपारी तीन वाजता आमच्या उमरग्याच्या कारखान्यातून १,८६,४३० रुपयांचा माल हैदराबादला जायचा होता. जंतुनाशक गॉजचे दोनशे चाळीस तागे, एका रुग्णालयातल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागासाठी. कारखान्याचा हिशेब आणि मालाची रवानगी मी पाहतो. तो माल त्या दिवशी गेला नाही. का गेला नाही हे सांगायचे तर गौराबाईंविषयी सांगावे लागते.

गौराबाई मूळच्या माकणीच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. ऊसतोडीला गेले असताना त्यांचे पती सिदू यांच्या पायाला कोयता लागला. जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ते आठ दिवस तसेच काम करत राहिले. जखम चिघळली आणि सोलापूरला नेईपर्यंत उशीर झाला होता. नोकरीचा अर्ज भरताना मी त्यांना घरची माहिती विचारली, तेव्हा त्यांनी हे सांगितले. नंतर चौदा वर्षांत पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यांचे काम धुलाईचे. मागावरून येणारे कोरे कापड खळीने ताठ असते आणि कापसाचे स्वतःचे मेणही त्यात असते. त्यावर पाणी टाकले तर थेंब नुसते घरंगळतात. हे असे का, म्हणून मी सुरुवातीला विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मेंढीच्या लोकरीवर पाणी ठरतंय का? तसंच हाय ह्ये. आतलं तेलकट निगाल्याबिगर पाणी पीत न्हाय." असे कापड मोठ्या टाकीत उकळून, पांढरे करून, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढतात. मग एक तुकडा पाण्यावर सोडायचा. दहा सेकंदांत तो बुडाला पाहिजे. कारखान्याने त्यासाठी घड्याळ घेतले होते, पण गौराबाई ओठांतल्या ओठांत मोजत आणि त्यांचे मोजणे घड्याळाशी जुळे. त्यानंतर कापड जंतुनाशक द्रावणातून आणि पिळणाऱ्या रुळांतून जाते, वाळते, आणि पुन्हा घडी घालून तागे बांधले जातात.

आता क्रमाने सांगतो. यातले काही मला नंतर कळले.

गुरुवारी धुतलेले कापड घडी घालून द्रावणासाठी तयार होते. घडी घालणाऱ्यांत अयोध्या नावाची बाई होती. तिचे चुलत सासरे ईट गावी वारले होते. तिसऱ्याच दिवशी ती कामावर आली, कारण चार खाडे झाले की महिन्याचे हजेरी बक्षीस जाते. घरात सुतक असल्याचे तिने कोणाला सांगितले नव्हते. गौराबाईंना मात्र बाहेरून कळले होते. त्या अयोध्याला एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी बाया चहाला गेल्यावर अयोध्याच्या हाताखालून गेलेले सहा तागे त्यांनी उचलले, मागच्या हौदावर नेले आणि कपड्यांच्या साबणाने धुतले. भरपूर पाण्यातून काढून उन्हात वाळवले आणि संध्याकाळच्या आत परत थप्पीत ठेवले. हे कापड आजाऱ्याच्या उघड्या जखमेवर जाणार, त्याला सुतकाचे काही लागायला नको, एवढाच त्यांचा विचार. शुक्रवारी सगळ्या ताग्यांना द्रावण बसले.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही ओसरीवर डबे उघडले होते. आमच्या केमिस्ट निकिता मॅडम यांनी रुळाजवळच्या बेसिनवरची साबणाची वडी काढून नेली होती. त्यावरून बायांची थट्टा चालली होती. एकजण म्हणाली, "मॅडम, साबण काय सोन्याचा हाय का, कुलपात ठिवायला?"

"सोन्याचा असता तर राहू दिला असता, मावशी," निकिता म्हणाल्या. "कापडात साबणाचा अंश राहिला की आपलं औषध मरतं. कापड दिसायला तसंच, पाणीही पितं. पण जंतू मरत नाहीत."

गौराबाईंनी विचारले, पाण्यातून चांगले काढले तर? निकिता म्हणाल्या, साध्या पाण्याने तो पुरता निघत नाही. गौराबाईंनी भाकरी डब्यात परत ठेवली.

मी आत येऊन मालासोबत जायचे चलन लिहायला घेतले. टेम्पो फाटकाशी लागला होता. गौराबाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, चलन लिहू नका. त्यातलं सहा तागं म्या साबणानं धुतल्यात."

कोणते सहा, मी विचारले. त्यांना सांगता येईना. सगळे तागे एकसारखे, खुणा काही नाहीत. मी हे लिहिले पाहिजे की प्रयोगशाळेचा नमुना दुसऱ्याच ताग्याचा घेतला होता आणि पाण्याच्या चाचणीत ते सहाही पास झाले असते. त्या बोलल्या नसत्या तर आमच्यापैकी कोणालाच हे कधी कळले नसते. त्या सहा ताग्यांखाली कोणाची कातडी असेल, ती व्यक्तीही आम्हाला कधी दिसली नसती.

मालक रणधीरशेठ आले. ते स्वभावाने कडक नाहीत, पण टेम्पोचे भाडे ठरलेले होते आणि हैदराबादहून दोनदा फोन येऊन गेला होता.

"मावशी, तीन धुण्यांनी तुमचं समाधान झालं नाही, म्हणून चौथं घातलंत? इतक्या पांढऱ्या कापडावर मळ दिसला कुठं तुम्हाला?"

"दिसला न्हाय. वाटला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय. म्या एकलीच."

अयोध्या दाराशी उभी होती. गौराबाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. शेठनी टेम्पो परत पाठवायला सांगितला. गौराबाईंना त्यांनी धुलाईवरून काढून गोदामात झाडलोटीला लावले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळे दोनशे चाळीस तागे उलगडून पुन्हा उकळायचे ठरले. सहा माणसांना बोलावले. यादीत गौराबाईंचे नाव नव्हते. त्या सकाळी सातला आल्या, पदर खोचला आणि टाकीजवळ उभ्या राहिल्या. त्यांना जा म्हणायचे कोणालाच सुचले नाही. अंधार पडेपर्यंत त्या टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याचे पाणी ओंजळीत घेऊन बोटांनी चोळून पाहत होत्या, कुठे बुळबुळीत लागते का. निकिता मॅडम आपली तपासणी वेगळी करत होत्या. सोमवारी द्रावण बसले. या वेळी नमुने दहा ताग्यांचे पाठवले. अहवाल चांगला आला आणि माल नवव्या दिवशी रवाना झाला.

त्याच आठवड्यात अयोध्याने मला सुतकाची गोष्ट सांगितली. ती शेठना सांगायला निघाली होती, पण गौराबाईंनी तिला अडवले. म्हणाल्या, "तुझं बक्षीस जाईल, आन् चार बाया तुझ्या हातचं पाणी टाळतील. चूक तुझी न्हवं. धुतलं म्या." आता अयोध्या काम सोडून पुण्याला लेकाकडे गेली आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही. गौराबाई अजून गोदामातच आहेत.

रविवारी आलेल्या सहाजणांची मजुरी सोमवारीच दिली. सातवे व्हाउचर मी गौराबाईंच्या नावाने केले होते. त्यांना बोलावले नव्हते, म्हणून शेठनी ते मंजूर केले नाही. त्या दिवसाचे चारशे वीस रुपये गौराबाईंना देणे बाकी आहे.