बिलावरचं नाव

आमच्या भावकीत क्रेडिट कार्ड एकट्या माझ्याकडं. बारामतीच्या एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात मी स्टोअरला आहे. पगाराचं खातं उघडलं तेव्हा बँकेच्या माणसानं ते कार्ड गळ्यात मारलं होतं. तेव्हापासून कन्हेरीच्या चुलत्यांचा फ्रीज, मेव्हण्याचा मोबाइल, कुणाची वॉशिंग मशीन, सगळं माझ्या कार्डावर. हप्ते ज्याचे त्यानं द्यायचे, बिल माझ्या नावानं फाटायचं. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. कार्ड मागायला आलेल्या माणसाला मी आधी बसवून ठेवायचो, इकडचं तिकडचं बोलायचो आणि त्याची पुरेशी चुळबुळ झाली की मग खिशात हात घालायचो. मला ते फार आवडायचं.

माझी धाकटी बहीण इंदापूरला दिली आहे. घरात हुशार तीच. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, तरी शाळेतले माझे निबंध ती लिहायची, आणि मास्तरांना ते कळायचं. इंदापुरात तहसील कचेरीबाहेर अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्यांची रांग असते. त्या रांगेत एक जागा रिकामी झाली आणि ती तिनं भांडून मिळवली. पण तिथली रीत अशी, की टेबल पंधरा दिवस बंद दिसलं की दुसरा कुणीतरी आपलं टेबल मांडतो. बसायचं तर स्वतःचा लॅपटॉप हवा. तो आम्ही बारामतीत माझ्या ओळखीच्या दुकानातून घेतला, अर्थात माझ्या कार्डावर. बिल कुणाच्या नावानं करू, असं दुकानदारानं विचारलं. ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, माझ्याच, नेहमीसारखं.

दीड महिन्यात लॅपटॉपचा पडदा काळा झाला. दुकानदारानं मशीन ठेवून घेतलं आणि चार दिवसांनी सांगितलं, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. पाण्याचा थेंब लागलेला नाही, असं ती जीव तोडून सांगत होती. त्यानं तिला एका वाक्यात गप्प केलं: ज्याच्या नावाचं बिल आहे त्याला पाठवा. त्यासाठी ती एसटीनं तीनदा बारामतीला आली. तिन्ही वेळा मी ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. त्यातल्या एका दिवशी मला सुट्टी होती आणि मी घरात पाय पसरून टीव्ही बघत होतो.

चौथ्या खेपेला ती थेट घरी आली. शेजारच्या टेबलवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या मशीनवर तिनं दोन कागद तयार केले होते. एक बँकेला: वस्तू सदोष निघाली, दुकान दाद देत नाही, या व्यवहाराला कार्डधारकाची हरकत आहे. हे ठरलेल्या मुदतीत आणि कार्डधारकानंच कळवायचं असतं. दुसरा कागद ग्राहक आयोगासाठी, माझं संमतीपत्र. मी खुर्चीत बसलो होतो. ती उभ्यानंच बोट ठेवून दाखवत होती.

"दादा, वापरणारा बी गिऱ्हाईकच असतो. फकस्त घेणाऱ्याची संमती लागती. तुजी सही हितं आन् हितं. आठ दिस झालं, टेबल बंद हाय माजं."

दोन सह्या. पेन तिनं उघडूनच आणलं होतं. मी म्हणालो, तुम्ही लोक टेबलावर चहा ठेवता, सांडला असेल, आणि आता दुसऱ्याच्या नावानं खडे फोडता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या सगळ्या निबंधांचं उट्टं निघाल्यासारखं बरं वाटलं. कागद ठेवून जा, वाचून बघतो, असं म्हणून मी तिला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तेच कागद घेऊन मी दुकानात गेलो. भांडायला नव्हे, वट दाखवायला. दुकानदारानं ते वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. चहा आला. आयोगाच्या चकरा कुणाला हव्यात, म्हणाला, तुम्ही आपले नेहमीचे. त्यानं नवाकोरा लॅपटॉप पुढं ठेवला आणि एका कागदावर माझी सही घेतली: ग्राहकाचं समाधान झालं आहे, काही तक्रार राहिलेली नाही. सही करताना मी एकदाही थांबलो नाही.

गाडीवरून येताना तो तिलाच द्यायचा होता, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. पण घरी माझ्या मुलीनं खोकं उघडलं. तिचं कॉलेजचं दुसरं वर्ष, लॅपटॉप लागणारच होता. बायको म्हणाली, आत्याबाई काय, करतील कुठूनतरी. मी बहिणीला फोनवर सांगितलं, बँक नाही म्हणाली, मुदत उलटली. तिनं विचारलं, "तू कागद दिलं हुतंस ना?" मी हो म्हणालो.

महिनाभरानं ती निदान मोडकं मशीन तरी न्यावं म्हणून दुकानात गेली. दुकानदारानं तिला माझ्या सहीचा कागद दाखवला. हे मला त्यानंच हसत हसत सांगितलं. तिचा फोन मात्र आला नाही. भाऊबीजेला आली नाही, तर बायको म्हणाली, माज आलाय. लॅपटॉपचा तिचा हप्ता दर महिन्याला माझ्याकडं येत राहिला, तारीख न चुकता, शेवटचा फिटेपर्यंत.

परवा इंदापूरला जावं लागलं. त्या बाजूला मी प्लॉट घेतलाय, त्याच्या नोंदीचा अर्ज द्यायचा होता. कचेरीबाहेर तिच्या जागेवर दुसऱ्याचं टेबल होतं, आणि त्या टेबलाशी, त्याच्या मशीनवर, त्याची रोजंदारीवरची टायपिस्ट म्हणून ती बसली होती. दुसऱ्या टेबलावर जाता आलं असतं. मी तिच्याच रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढं एक म्हातारी होती, बिघडलेल्या गिरणीच्या मोटरची तक्रार घेऊन आलेली.

"मावशी, बिल कुनाच्या नावानं हाय?"

म्हातारी म्हणाली, भावाच्या, कार्ड त्याचं हाय.

"मग आधी त्याच्याकडनं लिवून घ्या. भाऊ हाय म्हणून सोडू नगा."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. म्हातारी उठली, मी पुढं झालो. बहिणीनं वर पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, चार लोकांत माझी अब्रू काढेल, आणि मी तयारीत होतो. तिनं कोरं पान उघडलं.

"अर्जदाराचं नाव सांगा," ती म्हणाली. "तुमचं, मग वडलांचं, मग आडनाव."

मी सांगितलं. वडिलांचं नावही सांगितलं. लग्नापर्यंत तेच नाव ती स्वतःच्या नावापुढं लिहीत होती. तिनं ते टाइप केलं, आणि बरोबर आहे का ते एकदा बघून घ्या, म्हणाली.