बीमारी घरून आली, असं लिही

साहेबांनी मला केबिनच्या दारातच थांबवलं.

"आत नको. तिथूनच बोल."

नाकावर रुमाल धरला. मागे माझ्याच हाताखाली तयार झालेले दोन प्रहरी उभे होते. त्यांनी माना खाली घातल्या.

इंदूरच्या एका जेलात मी चौदा वर्षं प्रहरी. पहारेकरी. आजोबा महूला फौजेत होते. वर्दीची इज्जत म्हणजे काय, ते आमच्या घरात लहानपणीच शिकवतात.

त्या आठवड्यात माझी मुलगी दवाखान्यात होती. नववीतली पोर. खोकताना ओढणीवर रक्त आलं. जांच केली, टीबी निघाला. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरात कोण खोकतं?"

"घरात कोणी नाही. ड्यूटीवर खोकतात."

मग माझीही जांच झाली. माझ्यातही निघाला. मीच घरी नेला होता.

बराकीत माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात. पावसाळ्यापासून खोकत होती. मी रजिस्टरात तीनदा लिहिलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या, बस. वरून तोंडी हुकूम आला, बाहेर बोलायचं नाही. नाही बोललो. नोकरी होती.

मग आमच्याच गल्लीतला एक रंगारी जामिनावर सुटला. खोकतच सुटला. फाटक मीच उघडलं. घरी त्याची म्हातारी आई. तिला मी एक शब्द सांगितला नाही.

साहेबांनी एका प्रहऱ्याच्या हातून कागद दिला. लिहिलं होतं, बीमारी माझ्या घरून जेलात आली.

"सही कर. तुमच्या वस्त्यांत हे चालतंच. आमच्याकडे कधी ऐकलं नाही."

साहेब मराठीच. बडा गणपती भागातलं जुनं घराणं. 'तुमच्या' म्हणजे कोणत्या जातीच्या, ते मला कळलं. मागच्या दोघांनाही कळलं.

पेन हातात होता. तिकडे पोर हाडांचा सापळा होऊन पडली होती. आणि आळ तिच्याच घरावर.

"सर, सही नाही करणार."

"सस्पेंड होशील."

"होईन. पण बीमारी इथली आहे."

सस्पेंड झालो. कारण लिहिलं, अनुशासनहीनता.

संध्याकाळी मास्क बांधून रंगाऱ्याच्या घरी गेलो. तो आत खाटेवर पडलेला. म्हातारी बाहेर आली. तीही खोकत होती. मी लांब उभा राहून सगळं सांगितलं.

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

ती माझ्या पायाशी थुंकली. दार लावून घेतलं.

साहेबांनी केलेला अपमान मी परत केला होता. हा नाही करता आला. हा माझ्या कमाईचा होता.

सकाळी परत गेलो. दुपारी परत. तिसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर जांचेला आली. वाटभर माझ्यापासून लांब चालली.

पोरीची दवा चालू आहे, माझीही. आता मास्क बांधून गल्लीत घरोघर जातो. जेलात काय पसरलंय ते सांगतो, मी काय लपवलं तेही सांगतो. काही दारं उघडतात, काही शिव्या घालतात. बराकीतल्या एकूण एक माणसाची जांच होईपर्यंत सांगणार आहे.

साहेबांच्या कॉलनीतही जाणार आहे.