ढिवराची पोर

ग्रीकांनी विनोदाला आणि कवितेला मिळून एक देवी दिली होती, थालिया. तिच्या हातात म्हणे हसरा मुखवटा असे. करडी गावच्या रुखमिणीला मुखवटा लागत नसे. ती ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्या जातीतली; मासोळ्या विकतानाही यमक जुळवी. लग्नात वरपक्ष पंगतीला बसला की वधूकडच्या बायका गाण्यातून त्यांना शिव्या घालतात आणि त्यांनी त्या हसत खायच्या असतात. त्या गाण्यांत रुखमिणीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिची लेक शालू गेल्या साली सासरी बोडीत बुडून मेली. बोडी म्हणजे शेताजवळचं तळं, त्यात तेव्हा पाणी गुडघाभर. प्रेताला आंघोळ घालताना गळ्यावरचे वळ रुखमिणीनं पाहिले होते. कुणी ऐकलं नाही. आता शालूच्या तान्ह्या पोरीला आई हवी म्हणून जावई भुपेंद्रला पुतणी नीतू द्यायचं ठरलं. रुखमिणीनं नीतूच्या बापाचे, दीर ताराचंदचे, पाय धरले.

"वैनी, पोलिसायनं पाह्यलं नं सारं? पाय घसरला तिचा," तो म्हणाला. "तुमी दुःखानं बोलून राह्यल्या."

मग तिनं ठरवलं, गाण्यात सांगायचं. गाण्यात तोंड कोण धरणार?

पंगत बसली. रुखमिणीनं सूर लावला:

"इहीनबाई, इहीनबाई, बोडी तुमची थोर,
गुडघाभर पान्यात बुडे ढिवराची पोर!

दावनीले बांधून राह्यले आता दुसरी गाय,
पह्यलीच्या गऱ्यावरचे वळ दिसले काय?"

भुपेंद्रचा घास हातातच राहिला. पण त्याची आई, रुखमिणीची विहीण, कसलेली बाई. ती खदखदून हसली. "वा इहीनबाई! तुमच्या जिभेले हाड नाही!" रागावला तो हरला, हे तिला पक्कं ठाऊक. मग सगळी पंगत हसली. बायकांनी "बुडे ढिवराची पोर" टाळ्या देत पुन्हा पुन्हा म्हटलं. स्वतःच्या मेल्या लेकीवर गाव हसवलं होतं रुखमिणीनं.

निघताना नीतू तिच्या पाया पडली. चेहरा मोकळा झाला होता.

"मोठमाय, मले लय भेव होता. तू म्हनत होती तसं खरंच असंन तर? पन तूच मस्करी केली, तवा जीवात जीव आला."

रुखमिणीनं तिचा हात घट्ट धरला. "नोको जाऊ, पोरी. मस्करी नोहोय थे."

नीतू हसली. भोवतालच्या बायकाही हसल्या. एकीनं हळूच तो हात सोडवला आणि गाडी सुटली.